भाऊ किंवा बहीण गेल्यावर : कागद लवकर, निर्णय सावकाश

घरातलं तरणं माणूस गेलं की भेटायला येणारे आईवडिलांजवळ बसतात, वहिनीजवळ बसतात आणि उठताना मागे राहिलेल्या भावंडाला सांगून जातात, "आता तुलाच बघायचंय सगळं." शिक्षण सोडून गावी येणं, नोकरीची बदली, बाग सांभाळणं, ठरलेलं लग्न पुढे ढकलणं किंवा घाईनं उरकणं, हे सगळं या एका वाक्याच्या आधारानं पहिल्या तीन-चार महिन्यांत होऊन जातं. ते कुणी बसून ठरवलेलं नसतं. होत गेलेलं असतं.

अशा वेळी दोन प्रकारची कामं समोर येतात. कागदपत्रांना कायद्यानं मुदती असतात. आयुष्याच्या निर्णयांना बहुतेक वेळा नसतात. घरोघरी होतं मात्र उलट: कागद वर्षभर कपाटात पडून राहतात आणि निर्णय तेराव्याच्या आत घेतले जातात. हा क्रम फिरवायचा कसा, ते इथं नाशिकच्या हिशेबानं सांगितलं आहे.

पहिले तेरा दिवस

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, राहत्या गावी नाही. निफाडचा माणूस नाशिकच्या दवाखान्यात गेला तर नोंद नाशिक महापालिकेत, मुंबईत गेला तर मुंबईत. महापालिकेचे सहा विभाग आहेत (पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर, नवीन नाशिक). दवाखाना कोणत्या विभागात येतो ते तिथल्याच कर्मचाऱ्याकडून विचारून घ्या. गावात घरी मृत्यू झाला असेल तर नोंद ग्रामपंचायतीत होते. 21 दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क आहे. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश.

दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना 4 मध्ये मिळतं, घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना 4-अ मध्ये. अमरधामची (स्मशानभूमीची) पावती जपून ठेवा. नोंद करताना नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिहून घ्या. दाखल्यावर "बाळासाहेब" आणि पासबुकावर "बाळकृष्ण" असलं की विमा, बँक आणि तलाठी या तिन्ही ठिकाणी अडतं. दाखल्याच्या दहा प्रती एकदमच काढा.

अपघात, सर्पदंश, बुडणं, विजेचा धक्का, आत्महत्या किंवा कारण न कळलेला अचानक मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन टाळू नका. "गेलाच आहे, आता कापाकापी कशाला" असं म्हणत थेट अमरधाम गाठणाऱ्या कुटुंबांचे अपघात विम्याचे दावे पुढं याच एका कागदावाचून अडतात. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि असेल तर एफआयआर यांच्या प्रती एकाच फाईलमध्ये ठेवा.

दशक्रियेला रामकुंडावर कोण बसणार यावरून वाद होतात. भाऊ अविवाहित असेल किंवा मुलं लहान असतील तर धाकटा भाऊ बसतो. बहीण बसली तरी चालतं, पण गुरुजींशी आधी बोलून घ्या म्हणजे घाटावर तमाशा होत नाही. अकाली मृत्यू म्हटला की नारायण नागबळीचा विषय निघतोच. तो विधी त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा असतो आणि नंतरही करता येतो. दक्षिणा आणि सामानाचा खर्च आधी ठरवून घ्या आणि त्यासाठी या महिन्यात कर्ज काढू नका.

या तेरा दिवसांत भावंडानं कुठल्याही कागदावर सही करायची नाही, फक्त मृत्यू नोंदीचे आणि पोलिसांचे कागद सोडून. घरातल्या मोठ्यांनी आणलेला कागद असला तरी नाही. "तेराव्यानंतर वाचून करतो" एवढं उत्तर पुरतं.

आणखी एक: भावाचं एटीएम कार्ड पिन माहीत आहे म्हणून वापरू नका. पैसे खर्चासाठीच काढले असले तरी पुढे वारसांपैकी कुणीतरी त्याचा हिशेब मागतंच. सिम कार्ड मात्र चालू ठेवा, रिचार्ज करत राहा. बँक, पीएफ, विमा सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

पैसे कुठं अडकलेत ते शोधणं

त्याच्या प्रत्येक बँक खात्याचं मागच्या दोन वर्षांचं स्टेटमेंट तपासा. मे-जूनच्या आसपास 436 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, 2 लाखांचा, मृत्यू कोणत्याही कारणानं असो. 20 रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा, तोही 2 लाखांचा, पण फक्त अपघाती मृत्यूसाठी. दोन्हींचे अर्ज बँकेच्या शाखेतच द्यायचे, शक्यतो 30 दिवसांत. कितीतरी घरांत हे 4 लाख कुणी मागतच नाही, कारण 20 रुपयांकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी असेल तर पीएफसाठी फॉर्म 20, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी 10-डी आणि ठेवीशी जोडलेल्या विम्यासाठी 5-आयएफ, असे तीन वेगळे अर्ज असतात. हा विमा कमाल 7 लाखांपर्यंत मिळतो. कंत्राटदाराकडे काम असेल तर मुख्य कारखान्याच्या एचआरलाही पत्र द्या. लग्नाआधी भावानं पीएफला तुमचं नाव लावलं असेल आणि नंतर त्याचं लग्न झालं असेल, तर ते नामनिर्देशन आपोआप रद्द झालेलं असतं. तो पैसा वहिनीचा, मुलांचा आणि भावावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचा. यावरून मन कडू करून घेऊ नका, नियमच तसा आहे.

आयुर्विम्याची पॉलिसी 3 वर्षांपेक्षा जुनी असेल तर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही. आत्महत्या असेल तर साधारणपणे पॉलिसीचे पहिले 12 महिनेच अडचणीचे. त्यानंतरचा दावा मिळतो. लाजेनं कागद दडवून ठेवू नका.

शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2 लाख मिळतात. वय 10 ते 75. खातेदाराशिवाय कुटुंबातली एक व्यक्तीही पात्र असते, म्हणजे वडील खातेदार असतील तर सातबाऱ्यावर नाव नसलेला त्यांचा मुलगासुद्धा. फवारणीची विषबाधा, विहिरीत पडणं, वीज पडणं, सर्पदंश हे सगळं यात येतं. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. तेराव्यानंतर पहिलं काम हेच धरा, कारण तोवर निम्मी मुदत संपत आलेली असते.

रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जाची मुदत 6 महिने आहे. अविवाहित भावावर घर चालत असेल तर अवलंबून असलेलं भावंडही दावा लावू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्येच भावाला तो हक्क मान्य केला आहे. वाहन त्याच्या नावावर असेल तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यायचं. ते राहिलं आणि त्याच गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

वारस कोण? इथंच बहुतेकांचा अंदाज चुकतो

हिंदू वारसा कायदा 1956 हा हिंदू, जैन, बौद्ध, शीख कुटुंबांना लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

विवाहित भाऊ मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्शाचे वारस बायको, मुलं, मुली आणि आई. समान वाटे. वडील या पहिल्या वर्गाच्या वारसांत नाहीत, भावंडं तर नाहीतच. समजा भावाच्या एकट्याच्या नावावर 6 एकर आहे, मागे बायको, दोन मुलं आणि आई. प्रत्येकाला दीड एकर. सख्ख्या भावाला शून्य. पुढे आई मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या दीड एकरात वडील, जिवंत मुलं-मुली आणि गेलेल्या भावाची मुलं येतात. म्हणजे भावाच्या जमिनीतलं जे काही भावंडाकडे येऊ शकतं ते आईच्या हातून. वडिलोपार्जित एकत्र मिळकत असेल तर आधी त्यातला भावाचा हिस्सा ठरतो, मग त्या हिश्शाला हाच नियम.

अविवाहित भाऊ गेला तर सगळं आईला. आई नसेल तर वडिलांना. दोघंही नसतील तेव्हाच भावंडांना.

बहीण गेली तर हिशेब निराळा. विवाहित बहिणीची मिळकत नवऱ्याला आणि मुलांना जाते. मूलबाळ नसेल तर तिनं माहेरून वारशानं मिळवलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत येतं, पण तिनं स्वतः कमावलेलं नवऱ्याकडे जातं आणि नवरा हयात नसेल तर सासरच्या वारसांकडे. अविवाहित बहिणीचं आईवडिलांना.

वडिलांच्या नावावरची मिळकत असेल तर "आता दोघांतला मीच उरलो" हा समज सोडून द्या. वडील गेल्यावर गेलेल्या भावाचा वाटा त्याच्या बायका-मुलांना मिळतो. आई, तुम्ही, बहीण आणि भावाची शाखा असे चार असतील तर प्रत्येकी चौथा हिस्सा. वहिनीनं पुढे दुसरं लग्न केलं तरी नवऱ्याकडून तिला आलेला हिस्सा जात नाही. ही गोष्ट घरात लवकर आणि स्पष्ट बोलून टाकावी. तिच्या लग्नाला होणारा निम्मा विरोध जमीन जाईल या भीतीचा असतो.

नॉमिनी हा मालक नसतो. बँकेत, शेअरमध्ये तुमचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर पैसे तुमच्या हातात येतील, पण ते वारसांसाठी. विम्यात आईवडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. भावंडाला ही सवलत नाही.

तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सर्व वारसांचे आधार, सातबारा आणि 8-अ लागतात. कायद्यानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज होतो. वारसांची नोंद गाव नमुना 6-क मध्ये होते, मग फेरफार धरला जातो, 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. लहान मुलांची नावं "अज्ञान, अ.पा.क. आई" (म्हणजे मूल सज्ञान नाही, पालनकर्ती आई) अशी लागतात. पालनकर्त्याच्या जागी काकाचं नाव घालायचा आग्रह धरू नका. आई हयात असताना त्याला अर्थ नाही आणि मनात काय आहे ते मात्र गावाला कळतं. मुलांच्या हिश्शाची जमीन विकायची वेळ आली तर आधी न्यायालयाची परवानगी लागते का हे वकिलाकडून पक्कं करा. परवानगीशिवाय झालेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर उलटू शकतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वंशावळीतून लग्न झालेल्या बहिणी किंवा आई वगळणं. आज कुणी विचारत नाही. दहा वर्षांनी प्लॉट विकताना सर्च रिपोर्टमध्ये निघतं आणि मग प्रत्येक सहीला किंमत लागते.

दोन सह्या ज्यांनी आयुष्य बदलतं

पहिली हक्कसोड पत्राची. बहिणींकडून आणि कधीकधी वहिनीकडूनही ती दुःखाच्या भरात घेतली जाते. नोंदणीकृत हक्कसोड परत फिरवणं जवळपास अशक्य असतं. फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते. वर्षश्राद्धापर्यंत कुणी हक्कसोड मागायचं नाही आणि कुणी द्यायचं नाही, असं घरात सरळ ठरवा.

दुसरी जामीनदाराची. वारसांवर भावाच्या कर्जाची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. जामीनदाराची पूर्ण रकमेची. सोसायटी, पतसंस्था, ट्रॅक्टरचं कर्ज, यांतल्या कशावर तुमची जामीन म्हणून सही आहे ते पहिल्या महिन्यात शोधा. कर्जाला विमा जोडलेला होता का हेही विचारा. हप्त्यासोबत विम्याचा प्रीमियम कापलेला असतो आणि वसुलीवाला ते आपणहून सांगत नाही. कर्ज "नवं-जुनं" करून तुमच्या नावावर घ्या, असा सल्ला कुणी दिला तर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा.

बाग, कांदा आणि एका हंगामाचा नियम

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे हा प्रश्न खरा जड असतो, कारण द्राक्षबाग दुखवटा पाळत नाही. एप्रिलची खरड छाटणी चुकली तर पुढच्या वर्षाची काडी बिघडते. ऑक्टोबरची गोड छाटणी लांबली तर माल उशिरा येतो आणि भाव पडलेला असतो. म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या भावंडाला "ये" असं सांगणं अगदी साहजिक असतं.

या, पण एका हंगामापुरते या. नोकरीचा राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा किंवा घरून काम मागा. बागेसाठी तीन वाटा असतात: माहीतगार वाटेकऱ्याला एका हंगामासाठी लेखी करारानं देणं, छाटणीपासून थिनिंगपर्यंतची (मणी विरळ करण्यापर्यंतची) कामं उक्ती देऊन फवारणीचं वेळापत्रक सल्लागाराकडून घेणं, किंवा जुना आणि खर्चीक प्लॉट यंदा सोडून फक्त चांगला ठेवणं. तिसरा मार्ग मान्य करायला घर तयार होत नाही, पण बाग न कळणाऱ्या माणसानं पाचही एकर ओढण्यापेक्षा दोन एकर नीट आणणं परवडतं.

पहिल्या आठवड्यात भावाची वही, मोबाईलमधले फोटो आणि व्हॉट्सॲप पाहून तीन याद्या करा. व्यापाऱ्यांकडून येणं, कृषी सेवा केंद्राचं देणं, मजुरांना दिलेली उचल. येणं असेल त्या व्यापाऱ्याला लगेच भेटा आणि रकमेवर सही घ्या. माणूस गेला की उधारीचा आकडा लहान होत जातो. निर्यातीचा प्लॉट असेल तर फवारणीचं रजिस्टर आधी ताब्यात घ्या. शेवटचं औषध कोणतं आणि कधी मारलं हे कळल्याशिवाय पुढची टाकी भरायची नाही. चाळीत कांदा असेल तर तो कुणाच्या नावानं विकायचा आणि पैसे कोणत्या खात्यात जाणार हे वहिनीसमोर ठरवा.

एप्रिलमध्ये हंगामाचा जमाखर्च मांडा आणि मग ठरवा. तोवर "मी कायमचा आलो" असं पारावरही बोलायचं नाही. पुन्हा निघताना ते शब्द आडवे येतात.

शिक्षण आणि नोकरी

कॉलेज सोडू नका, थांबवा. वर्ष वाया गेलं तर पुढच्या प्रवेशाला खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र चालतं. दाखला काढून घेतला की मात्र परत शिरणं कठीण. दहावी-बारावी असेल तर वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा. घर सांभाळणं खरोखर अटळ असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, काम करत पदवी पूर्ण होते. वर्षभर काहीच न करण्यापेक्षा दोन विषय काढणंसुद्धा बरं.

भाऊ राज्य सरकारच्या नोकरीत आणि अविवाहित असेल तर त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेला भाऊ किंवा बहीण अनुकंपा नियुक्तीला पात्र ठरतात. अर्जाला मुदत असते, आस्थापना शाखेत लगेच विचारा. नाशिकरोडची प्रेस, ओझरचं एचएएल अशा ठिकाणी नियम त्यांचे त्यांचे. घरातल्या एकालाच संधी मिळणार असेल तर कुणाला याची चर्चा वहिनीला वगळून करू नका.

लग्नाचा दबाव

"वहिनीशी तूच लग्न कर, घरातलं घरात राहील." हे आजही सुचवलं जातं. हिंदू विवाह कायद्यानं भावाची विधवा ही निषिद्ध नात्यात येते. समाजाची तशी प्रस्थापित रूढी असेल तरच ते लग्न वैध, आणि रूढी सिद्ध करावी लागते. बहीण गेल्यावर मेव्हण्याशी धाकटीचं लग्न लावायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून तिथं दबाव जास्त असतो. लहान भाच्यांकडे बोट दाखवलं जातं. मुलांना मावशी लागते, हे खरं. मावशी म्हणूनच ती वर्षभर येऊन-जाऊन राहिली तरी त्यांचं भागतं. वर्षाच्या आत "हो" म्हणायचं नाही, आणि मुलीला एकटीला विचारल्याशिवाय तर नाहीच.

भाची-पुतण्यांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात.

तब्येत, तुमची स्वतःची

तरुण भाऊ-बहीण हृदयविकारानं अचानक गेली असेल तर बाकीच्या सख्ख्या भावंडांनी ईसीजी आणि टूडी इको करून घ्यायला हवा. हृदयाच्या स्नायूचे काही आजार घराण्यात चालतात आणि पहिलं लक्षण मृत्यूच असू शकतं. कमी वयात स्तनाचा कर्करोग झालेल्या बहिणीच्या बहिणींनी तपासणी लवकर सुरू करावी. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलची तपासणी भावंडांचीही व्हावी. डॉक्टरांकडे जाताना शवविच्छेदन अहवाल सोबत न्या.

घरात शाळकरी भावंड असेल तर त्याला "दादा बाहेरगावी गेलाय" असं सांगू नका. वारला, परत येणार नाही, तुझ्या भांडणामुळे वारला नाही, ही तीन वाक्यं त्याला ऐकावी लागतात, आणि पुन्हा पुन्हा. दादाचे कपडे, दादाची सायकल, दादाचं ध्येय त्याच्यावर चढवू नका. बारशाला पुन्हा तेच नाव ठेवण्याचा मोहही टाळलेला बरा.

आईवडील मागे उरलेल्याला गाडी चालवू देत नाहीत, रात्री दहा वेळा फोन करतात. भांडण्यापेक्षा ठराविक वेळ ठरवा: पोचल्यावर एक फोन, निघताना एक. गेलेल्याची खोली, कपडे, फोन यांचं काय करायचं हे आईनं ठरवावं. पाहुण्यांनी घाई करू नये.

झोप नाही, जेवण नाही, रडू येणं किंवा अजिबात न येणं, हे पहिले काही महिने स्वाभाविक आहे. राखीपौर्णिमा आणि भाऊबीज पहिल्या वर्षी जड जातात, त्या दिवशी कुठं असायचं ते आधी ठरवून ठेवा. मात्र सहा महिन्यांनंतरही रोजचं काम होत नसेल, दारू वाढली असेल किंवा "मीच जायला हवं होतं" असं वारंवार बोललं जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं. मरण्याचा विचार बोलून दाखवला तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा आणि घरातली फवारणीची औषधं कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची.